जरीची माशी

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या दोन महिन्यांत नदीतल्या मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचे दिवस. तापी तेव्हा मुलताईपासूनची सगळी माती अंगावर घेऊन बुऱ्हाणपुरात येते, राजघाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळते, आणि पात्रातला दगडी हत्ती किती बुडाला यावरून गावातले लोक एकमेकांना पुराची खबर देतात. सरकारचा बंदीहुकूम आणि आमच्या आत्याचा चातुर्मास थोडे मागेपुढे, पण एकाच ढगाच्या सावलीतून येतात. नदीत मासा धरायचा नाही, घरात शिजवायचा नाही. असं दुहेरी अभय माशांना वर्षात दुसऱ्या कुठल्या ऋतूत मिळत नसेल. आणि नेमक्या याच ऋतूत मला माशांखेरीज दुसरं काही सुचत नाही. खिडकीपाशी टेबल, त्यावर घड्याळजी वापरतात तसला छोटा वाईस, त्याच्या जबड्यात एक गळ, आणि त्या गळाला काय गुंडाळावं या विवंचनेत मी.

गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून बसणारे लोक राजघाटावर पुष्कळ आहेत आणि त्यांचं उत्तम चाललेलं असतं. माझं प्रकरण वेगळं. दोरा, पीस, लव, तार असं काहीबाही कोऱ्या गळावर गुंडाळून बनावट माशी करायची, ती पाण्यावर हलकेच ठेवायची आणि माशाने ती खरी मानावी अशी आशा करायची. जगभरचे शौकीन याला फ्लाय म्हणतात. आमच्या घरात ‘ह्याचे किडे’ म्हणतात. किडे कुणासाठी, तर चिलव्यांसाठी. महाशीर हा २०११पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, आणि त्याच्याविषयी मला इतका आदर आहे की मी त्याच्या वाटेला जात नाही. चिलवा मात्र माझ्या तोलाचा. बोटभर लांब, अंगाने चपटा, रुपेरी, संध्याकाळी चिलटं पाण्याला टेकू लागली की वर येऊन टिचकी मारल्यागत घास घेणारा. मग सगळं पात्र थेंबाथेंबांनी उमटू लागतं, आणि वर पाहावं तर आभाळ कोरडं. अशा माशासाठी माशी करायची तर ती चिलटाएवढीच हवी.

गळांच्या आकड्यांची रीत उलटी आहे. आठ नंबरचा गळ मोठा, सोळाचा लहान, आणि विसाचा तर जिऱ्याच्या दाण्याएवढा. परगावच्या नवशिक्याला हे पचायला वेळ लागतो म्हणतात. बुऱ्हाणपुरात लागत नाही. हे मागांचं गाव आहे. पहाटे गल्लीतून चालत निघालं तर भिंतीआडची पॉवरलूमची खटखट सोबत करते, आणि माग असलेल्या घरात सुताचा काउंट पोराला पाढ्यांच्या आधी कळतो. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतील तितका त्याचा काउंट. म्हणजे आकडा चढला की सूत बारीक. मोटारीत भरायच्या तांब्याच्या तारेचंही तेच: ४० गेजची तार ३० गेजपेक्षा बारीक. सूत, तार आणि गळ या तिघांनी आपसांत ठरवून ही चाल धरली असावी, आणि मला ती फार सभ्य वाटते. बाकी सगळीकडे आकडा फुगला की वस्तूही फुगते. इथे आकडा वाढतो तशी वस्तू अंग चोरून घेते. वयाचंही थोडंफार असंच असेल. आत्या आता ऐंशी काउंटची झाली आहे. उजेडात धरली तर आरपार दिसेल, आणि ताणून पाहिली तर तुटायची नाही.

माशी लहान म्हणजे सामान कमी, हे उघड आहे. विसाच्या गळावर दोऱ्याचे दहाबारा वेढे, तारेचे तीन, पिसाचे दोन. पुढे जागाच संपते. पण सामान जसजसं कमी होत जातं तसतशी त्याची निवड लांबत जाते. मोठ्या माशीत एखादा चुकार केस खपून जातो. लहान माशीत तो केस म्हणजे एकतृतीयांश प्राणी. माशी बांधायला दहा मिनिटं पुरतात, काय बांधावं हे ठरवायला पावसाळा लागतो. आणि सामानापाशी अडून बसायची या गावाला जुनी सवय आहे. मुमताजमहल इथेच वारली, जून १६३१मध्ये, आणि तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचा देह सहाएक महिने होता. ताजमहाल इथेच नदीकाठी व्हायचा होता, पण इथल्या मातीला वाळवी फार आणि मकराण्याचा संगमरवर इतक्या लांब आणणं जमेना, असं गावातला प्रत्येक जण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. इतिहासकार यावर मान डोलावत नाहीत, पाहुणे डोलावतात. मला त्या दंतकथेतला बादशहा फार जवळचा वाटतो. दुःख ठरलेलं, जागा ठरलेली, नदी समोर वाहते आहे, आणि सामान काही जुळत नाही.

माशी बांधण्याचं एक फार जुनं वर्णन इलियन नावाच्या रोमन लेखकाने करून ठेवलं आहे, सुमारे १८०० वर्षांपूर्वी. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधतात, असं तो सांगतो. यादी संपली. त्या माणसाला आज इकबाल चौकात सोडला असता तर पाऊण तासात सगळं सामान घेऊन, वर मावा जिलेबी खाऊन तो परतला असता. पुढे मात्र माणसं शिकली. १४९६मध्ये इंग्लंडात छापलेल्या गळाच्या शिकारीवरच्या पुस्तकात बारा माश्या आहेत. चारशे वर्षांनी त्यांच्या जाडजूड पोथ्या झाल्या. सामन माशासाठी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजांनी ज्या माश्या बांधल्या त्यांत आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याच्या मानेपासून दक्षिण अमेरिकेतल्या कोटिंगापर्यंतची पिसं एका गळावर नांदतात. स्कॉटलंडच्या थंड पाण्यातल्या त्या माशाने यांतला एकही पक्षी जन्मात पाहिलेला नसतो. पाहिला असता तर तो खाद्य आहे असं त्याच्या मनातही आलं नसतं. हे वेड इतक्या थराला गेलं की २००९मध्ये एका बासरी वाजवणाऱ्या विद्यार्थ्याने ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची काच फोडून २९९ पक्ष्यांची कातडी सुटकेसमध्ये भरून नेली. त्यांतली काही निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलायातल्या बेटांवरून जमवलेली होती. गंमत अशी की अशा माश्या बांधणाऱ्या पुष्कळांना मासेमारीत काडीचाही रस नसतो.

लहान माश्यांची माणसं त्या मानाने सौम्य. त्यांचं वेड खिशात मावतं. १९००च्या सुमारास डेव्हनमधल्या ऑस्टिन नावाच्या गृहस्थांनी एक माशी बांधली. तिच्या अंगावरची फिकट, किंचित गुलाबी लव कशाची हे त्यांनी मोजक्याच स्नेह्यांना सांगितलं, आणि ते गुपित पुढे कित्येक वर्षं टिकलं. ती मेंढ्याच्या अंडकोषावरची लोकर होती. आमच्या इच्छापूरच्या रस्त्याला धनगरांचे कळप भेटतात. एकदा मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो, पावसापाण्याची चौकशी केली, मेंढरं कुठवर नेणार ते विचारलं, तंबाखूही देऊ केली, आणि गाडी सुरू करून निघून आलो. काही सामान पुस्तकातच शोभतं.

फ्रँक सॉयरची गोष्ट मला अधिक लळा लावते. विल्टशरमधल्या एव्हन नदीचा हा राखणदार. त्याने तांब्याची तार आणि रफूची लोकर, एवढ्या दोनच जिनसांतून एक अळी बांधली. ती लोकर चॅडविक कंपनीची, रंग नंबर ४७७: धड करडा नाही, धड बदामी नाही, आणि भिजली की आतून गुलाबी झाक. मोजे रफू करण्याचे दिवस संपले तशी ती निघायची बंद झाली. तेव्हापासून शहाणीसुरती माणसं मेलेल्या आज्यांच्या शिवणाच्या पेट्या धुंडाळत आहेत, आणि कार्डावर गुंडाळलेली मूळ ४७७ कुठे निघालीच तर चढ्या भावाने उचलत आहेत. आता चॅडविक १८९६मध्येच कोट्स कंपनीत विलीन झाली होती, आणि आत्याच्या बिस्किटाच्या डब्यातल्या अँकरच्या लड्या आज त्याच कोट्सच्या घराण्यातल्या. म्हणजे ४७७ची चुलत बहीण आमच्या कपाटात बसली आहे, उशीच्या अभ्र्यावरच्या अर्धवट राहिलेल्या बदकांशेजारी. सहा पदरांचा तो दोरा मी सोडवतो, एकच पदर ठेवतो, बाकीचे पाच नीट गुंडाळून परत. आत्या डबा उघडून लडी हातात तोलून पाहते. तिला वजनावरून कळतं.

तारेसाठी मात्र दूर जावं लागत नाही. मागांच्या गावात मोटारी जळणारच, आणि मोटारी जळणाऱ्या गावात रिवाइंडिंगची दुकानं असणारच. लोहारमंडीच्या बाजूच्या एका दुकानात मी बारीक तार मागायला गेलो. मालकाने मान वर न करता विचारलं, “कितने एचपी की है?” मी म्हणालो, “मछली है.” त्याने हातातली कॉइल खाली ठेवली. मग चष्मा वर केला, मला पाहून घेतलं, आणि गिऱ्हाईक हा देवाचा अवतार असतो हे आठवून पुन्हा विचारलं, “सिंगल फेज?” शेवटी जळक्या पंख्याच्या पोटातून निघालेली तार त्याने फुकट दिली. एनॅमल करपून तिला जो तपकिरी रंग चढला होता तो विकतच्या तारेला कधी येत नाही. चिलटाच्या पोटाचा रंग नेमका तोच असतो. ती तार मी फार जपून वापरतो. तसा पंखा पुन्हा जळेल असं नाही.

पिसांचं जरा नाजूक आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं. त्याचे तंतू ताठ हवेत, म्हणजे पाण्यावर ते पायांसारखे टेकतात आणि माशी बुडत नाही. तंतूची लांबी गळाच्या तोंडाच्या दीडपट, हा जुना हिशेब. विसाच्या गळाला असं पीस डोक्याच्या अगदी मागे, तुऱ्याखाली, एखाददुसरंच सापडतं. ब्रॉयलर कोंबडी या कामाची नाही. तिची पिसं तिच्या आयुष्यासारखीच, घाईघाईत उगवलेली. हवा तो गावरान कोंबडा, वयाने पोक्त, उकिरड्यावर राज्य केलेला. परदेशातल्या दुकानांतून अजूनही ‘इंडियन केप’ म्हणून आपल्याकडच्या कोंबड्यांच्या माना विकल्या जातात, आणि अमेरिकेत तर केवळ मानेच्या पिसांसाठी निवडून निवडून वाढवलेली कोंबड्यांची घराणी आहेत. ती घराणी आपल्याला झेपत नाहीत. म्हणून रविवारी सकाळी मी मटणमार्केटात उभा राहतो आणि काळ्या कोंबड्याची मान मागतो. फक्त पिसं, गोश्त नको. पहिल्यांदा मागितली तेव्हा खाटीक बराच वेळ सुरी पुसत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “भैया, परसों अमावस है. मैं इस लफड़े में नहीं पड़ता.” गळ, तार, दोरा, सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून त्याला ते अमावस्येपेक्षाही भयंकर वाटलं असावं. आता तो न बोलता पुडी देतो. पैसे घेत नाही, आणि पुडी हातात न देता ओट्यावर ठेवतो.

मोरपिसाला असा संशय चिकटत नाही. मोर १९६३पासून राष्ट्रीय पक्षी आहे, त्याची पिसं देशाबाहेर नेता येत नाहीत, पण आपणहून गळालेलं पीस केळीच्या बागेतल्या चाकोरीत पडलेलं असतं आणि बागवाला ते बांधावर खोचून ठेवतो. डोळ्याचा भाग लोकांना आवडतो. मला लागतात ते देठाच्या कडेचे सुटे धागे. एकेका धाग्यावर बारीक लव असते. गळावर गुंडाळला की ती लव उभी राहते आणि काळा, हिरवा, तांबूस असे रंग एकमेकांच्या अंगावरून सांडत राहतात. हे पीस वाईसपाशी धरलं की माझा हात दर वेळी थोडा अडखळतो. शाळेत भूगोलाच्या वहीत आम्ही मोरपीस ठेवायचो. त्याला पिल्लू होतं अशी बातमी होती. त्याने जगावं म्हणून पेन्सिलीचा कीस खाऊ घालायचा, वही रोज उघडायची नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. परीक्षा यायच्या, वह्या रद्दीत जायच्या, पिसाला काही दिवस जायचे नाहीत. आता त्यातूनच मी संध्याकाळभरात चार-पाच किडे काढतो, आणि ते पाण्यावर पोहतात. उशिरा का होईना, वंश चालला.

अंगाची लव मांजराची. सशाच्या कानावरची लव यासाठी जगप्रसिद्ध आहे, पण आपल्याकडे रानातल्या सशाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि आमच्या मनीच्या पोटाखालची लव मऊपणात कुणाला हार जाणारी नाही. कंगव्याला लागते तेवढीच मी घेतो. मेण लावलेल्या दोऱ्यावर ती चिमूटभर लव बोटांनी वळायची, की दोऱ्याला अंगरखा चढतो. मनी टेबलावर बसून हे सगळं पाहते. आपल्याच केसाने मासा धरला जाणार आणि तो परत पाण्यात सोडला जाणार, ही व्यवस्था तिला पटलेली दिसत नाही.

राहता राहिली जर. किड्याच्या पोटावर आडवी वळी असतात; ती दाखवायला माशीच्या अंगावर चमकदार तारेचे तिरके वेढे घेतात. जगातले शौकीन यासाठी लंडनच्या नाहीतर न्यूयॉर्कच्या पत्त्यावर पैसे पाठवतात. मी बुऱ्हाणपुरात राहतो. टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला तेव्हा इथली झिरझिरीत वस्त्रं इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, थेट कैरोपर्यंत जात होती, आणि त्यांतल्या कित्येकांना सोन्यारुप्याच्या धाग्यांचे काठ होते. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवायचा, ती पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत केसाएवढी करायची, चपटी केली की बादला, आणि बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कलाबतू. हे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. तापीच्या वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर आणि मुखाशी सुरत, दोन्ही जरीची गावं. ही नदी दोन्ही पदरांना जर लावूनच वाहते. आता सुरतेने बाजी मारली, आणि बाजारातली बहुतेक जर म्हणजे चमकवलेलं प्लास्टिक. परदेशात माश्या बांधणारेही हेच रडगाणं गातात: जुनी धातूची तार काळवंडायची पण तिची झळाळी खरी, नवी काळवंडत नाही आणि झळाळतही नाही.

दाऊदपुऱ्यातल्या एका चाचांकडे जुन्या कलाबतूचे तुकडे-टाकडे असलेली डबी आहे, हे कळल्यावर मी गेलो. त्यांनी काम केव्हाच सोडलं आहे. बोटं मात्र अजून कशावर तरी काहीतरी गुंडाळल्यासारखी चालतात. “असली चाहिए, या दिखाने का?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “दिखाने का ही है चाचा, लेकिन मछली को.” त्यांनी यावर खरोखर विचार केला. “तो असली ही ले जाओ. ग्राहक नकली पे मान जाता है, मछली का क्या भरोसा.” मग माझ्याकडची दुकानातली जर त्यांनी काडीच्या ज्योतीला लावली; ती आक्रसली आणि तिची काळी गाठ झाली. मग आपल्या डबीतला वीतभर धागा लावला. केस जळल्याचा वास आला, आतलं रेशीम राख होऊन गळालं, आणि मागे उरला तो नुसता वळ्यांचा पोकळ पीळ, उभाच, चमकत. चाचा तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसले. त्यांच्या वडिलांच्या हातचा असावा. मी विचारलं नाही. निघताना त्यांनी बजावलं की वेढे उजवीकडून घ्यायचे, नाहीतर बादला सुटतो. ही सूचना मला कुठल्याच इंग्रजी पुस्तकात मिळाली नाही.

खरं सांगायचं तर चिलवा यातलं काहीही पाहत नाही. त्याने माशी पाहिल्यापासून ती तोंडात घेईपर्यंत जेवढा वेळ जातो त्यात मला ‘कलाबतू’ हा शब्दही पुरता उच्चारता येणार नाही. केळीच्या सोपटाचा धागा नुसता गळाला गुंडाळून टाकला तरी तो येतो. ओला झाला की सोपटालाही सुंदर तुकतुकी येते, आणि आमच्या जिल्ह्यात ते बैलगाडीने मिळतं. पण तापीच्या माशाला जरीचं काय कौतुक असणार? आषाढ शुद्ध सप्तमीला नदीचा जन्मोत्सव असतो. काठावर गर्दी होते, बायका ओटी भरतात, नदीला साडी-चुनरी नेसवतात. पिढ्यान्‌पिढ्या हे काठ, हे पदर माशांच्या डोक्यावरून वाहत गेले आहेत. सुरतेच्या व्यापाऱ्यानेसुद्धा इतक्या तऱ्हेची जर खालच्या बाजूने पाहिली नसेल.

आत्याच्या शालूची गोष्ट मी काढली ती याच सप्तमीच्या आसपास. तिचा लग्नातला शालू अस्सल जरीचा. घडीवर विरला आहे, नेसण्यासारखा राहिलेला नाही. जुनी जर घेणारे दारावर यायचे तेव्हा शेजारणींनी आपापले शालू वजनावर दिले, तिने दिला नाही. चाचांचा धागा आणि तिचा काठ खिडकीच्या उजेडात शेजारी धरून पाहावे एवढंच माझं म्हणणं होतं. धरले. काठ उजवा निघाला, आणि ते दोघांनाही दिसलं. आत्या म्हणाली, “तुझ्या काकांनी जन्मात कधी मला दुसरी जर घेतली नाही, आणि तुझ्या माशाला आता शालू?” मी गप्प राहिलो. तिने पेटीतून कात्री काढली. “आतल्या टोकाचं घे. पदराला हात लावशील तर बघ. आणि त्याला मारू नकोस रे, जर घालून आलेल्याला.” नाही मारत, परत सोडतो, असं मी सांगितलं. मग एवढा खटाटोप कशासाठी, हे तिने विचारलं नाही. निऱ्यांत जाणारा, कुणाला कधी न दिसलेला चार बोटांचा काठ तिने स्वतःच उसवला.

त्यातली पहिली माशी बांधून झाली तेव्हा ती भिंगातून तिने उलटसुलट पाहिली. काळ्या मानेचं पीस, मनीची लव, पोटावर जरीचे तीन वेढे. “गळ काढून देता येईल का?” तिने विचारलं. नातीचा साखरपुडा दिवाळीनंतर आहे. पदराला पिनेऐवजी अशी एखादी लावावी असं तिच्या मनात आलं होतं. नुसत्या पिनेवर बांधता येईल, मी म्हणालो, रंग कुठला हवा? तेव्हापासून माझे सगळे डबे तिच्या पलंगावर उघडे आहेत. अँकरचा लाल नको, तो लग्नाचा. साखरपुड्याला जरा हलका. मांजराचं नको, शुभकार्य आहे. कोंबड्याचं तर नावच काढायचं नाही. मोरपीस चालेल, पण या देठाचं नाही, यात निळं फार आहे. नातीच्या पैठणीला हिरवं लागतं. मी दुसरा देठ दाखवला. तिने तो साडीवर ठेवला, मान तिरकी केली, चष्मा काढून पुन्हा घातला.

“हे काठाशी भांडतंय,” ती म्हणाली. “अजून दाखव.”